डिझेलचं बिल कुठल्या हेडखाली?

जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत आरोग्याचा विषय बहुतेक वेळा जेवणानंतर येतो. सभा अकराची, पण कोरम भरेपर्यंत बारा वाजतात. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना कुणाचा तरी प्रश्न त्यात आलेला नसतो, त्यावरून अर्धा-पाऊण तास जातो. मग रस्ते. रस्त्यांवर बोलायचं नाही असा सदस्य सभागृहात नसतोच. कुणाच्या गटातला पूल वाहून गेलेला असतो, कुणाकडे ठेकेदाराने खडी पसरून डांबराचं नाव घेतलेलं नसतं, कुणाचं काम पहिल्या यादीत होतं आणि अंतिम यादीतून गळालं. आवाज चढतात, कागद फडकतात, एखाददुसरा सदस्य थेट पीठासनासमोर येऊन उभा राहतो. त्यानंतर शाळाखोल्या, त्यानंतर जलजीवन मिशनच्या अर्धवट टाक्या. दोन वाजून जातात. जेवून आल्यावर निम्म्या खुर्च्या भरतात आणि जिल्हा आरोग्य अधिकारी माइकजवळ येऊन अहवाल वाचायला लागतात. इतक्या प्रसूती, इतकं लसीकरण, डेंग्यूचे इतके नमुने. मागून कुणीतरी म्हणतं, "वाचला असं समजा." विषय संपतो.

तालुक्याचा वार्ताहर म्हणून पत्रकारांच्या बाकावर बसून मी या सभा वर्षानुवर्षं ऐकल्या आहेत. आरोग्यावर खर्च करू नका, असं म्हणणारा एकही सदस्य मला तिथे कधी दिसला नाही. कोणत्याही पक्षाचा असो, आरोग्य म्हटलं की सगळ्यांच्या माना डोलतात. आणि तरी मार्चमध्ये अंदाजपत्रकाची प्रत हातात पडते तेव्हा आरोग्याचं पान वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कुणाचाच विरोध नसलेला विषय दरवर्षी मागे कसा पडतो, या प्रश्नाने मला इतकी वर्षं सोडलेलं नाही.

आधी जिल्हा परिषदेच्या हातात काय आहे ते बघू. महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि 1 मे 1962 पासून त्यांचा कारभार सुरू झाला. वसंतराव नाईक समितीने जिल्हा हाच सत्तेचा मुख्य स्तर धरला, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं व उपकेंद्रं या घरात आली. सपाटीच्या भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 20 हजारांमागे एक. उपकेंद्राचा हिशेब 5 हजारांचा आणि 3 हजारांचा. त्याच्या वरचं सगळं, म्हणजे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल, हे थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाखाली. आजारी माणसाला हा फरक ठाऊक नसतो आणि असायचं कारणही नाही. त्याच्या लेखी सरकारी दवाखाना एकच. पण सदस्य पोटतिडकीने ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या पदांबद्दल विचारतो आणि उत्तर मिळतं, "तो विषय आपल्या अखत्यारीत नाही, सिव्हिल सर्जनकडे पत्र देतो." पत्र जातं. पुढच्या सभेत अनुपालन अहवालात लिहिलेलं असतं, पत्र दिले आहे.

पैशाचंही तसंच. पगार राज्याच्या अनुदानातून. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कार्यक्रम केंद्र 60 आणि राज्य 40 या वाटणीतून. नव्या इमारती जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. औषधांची मोठी खरेदी आधी काही वर्षं हाफकिन या सरकारी संस्थेमार्फत व्हायची, 2023 मध्ये त्यासाठी राज्याचं स्वतंत्र प्राधिकरण झालं. एवढं सगळं वजा करून सभागृहाच्या स्वतःच्या मर्जीवर उरतो तो स्वनिधी. आमच्याकडे सगळे त्याला सेस म्हणतात. त्यातलाही 20 टक्के समाजकल्याणला, 10 टक्के महिला व बालकल्याणला, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. बाकीच्यात बांधकाम, शिक्षण, कृषी, पशुसंवर्धन, आरोग्य असे सगळे वाटेकरी.

रक्कम लहान म्हणून सेसकडे दुर्लक्ष होतं. मला मात्र तोच पैसा सर्वांत मोलाचा वाटतो. वरून येणारा प्रत्येक रुपया आपलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं हेड, कपाळावर लिहूनच खाली उतरतो. ज्या कामासाठी आला त्याच कामाला लागतो, नाहीतर परत जातो. ज्या खर्चाला कुठलंच लेखाशीर्ष नाही, तो भागवण्याची ताकद फक्त या पैशात आहे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्र अडतं ते नेमकं अशाच खर्चावर.

एका सभेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक ताई उभ्या राहिल्या. आपल्याकडे 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या, त्या आरक्षणातून आलेल्या. मागच्या रांगेत बसायच्या, तोवर सभागृहात फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हातात रुग्णवाहिकेच्या लॉगबुकच्या झेरॉक्स होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आमच्या केंद्राच्या ॲम्ब्युलन्सचं डिझेलचं बिल कुठल्या हेडखाली निघतं?"

सभागृह क्षणभर गोंधळलं. आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, अभियानातून निघतं. ताई म्हणाल्या, अभियानाचा हप्ता आलेला नाही. मग केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून करता येतं. ताई म्हणाल्या, समितीच्या खात्यात काय शिल्लक आहे ते मी बघून आलेय, पंपवाल्याचं मागचं बिलसुद्धा त्यात भागत नाही. मग वित्त अधिकाऱ्यांकडे बघितलं गेलं. ते म्हणाले, सेसमध्ये तशी तरतूद केलेली नाही. सभापती समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हा विषय आरोग्य समितीत घ्या ना." ताई खाली बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "समितीत घेते. पण तोवर बाळंतीण कशात न्यायची तेवढं सांगा."

त्या दिवशी पुनर्विनियोजनात, म्हणजे मंजूर रकमांच्या फेरवाटपात, सेसमधून इंधनासाठी एक छोटी तरतूद झाली. कुणी विरोध केला नाही. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव झाला. मला त्यात सर्वांत जास्त जाणवलं ते हे, की याला फार तर दहा मिनिटं लागली असतील. पैसे होते, इच्छाही होती. इतकी वर्षं कुणी त्या बिलाबद्दल विचारलं नव्हतं, एवढंच.

नंतर मी ते केंद्र बघायला गेलो. लसींच्या खोलीत आयएलआर होता, म्हणजे लसी ठेवायचा तो खास फ्रीज. आत 2 ते 8 अंश राखावे लागतात, आणि सकाळ-संध्याकाळ तापमान बघून दारावरच्या तक्त्यावर लिहावं लागतं. तक्त्याला दोऱ्याने पेन बांधलेलं होतं. सिस्टरचं अक्षर बारीक आणि नीट. मधल्या एका ओळीत आकड्यांशेजारी लिहिलं होतं, "लाइट नाही, जनरेटर चालू केला." जनरेटरमध्ये डिझेल कुणी घातलं असं विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, मीच आणायला पाठवलं, लस खराब झाली तर लेकरांचं काय सांगू? पैसे त्यांच्या पर्समधले. परत मिळाले का, हे मी विचारलं. त्यांनी दुसरंच काहीतरी बोलायला सुरुवात केली. त्याच आवारात कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली नवी निवासस्थानं होती. दर्शनी भिंतीवर संगमरवरी कोनशिला, त्यावर मान्यवरांची नावं. दाराला कुलूप, कारण पाण्याची जोडणी दिलेली नव्हती.

इमारतीला कोनशिला असते. डिझेलला नसते. लाइट बिलाला, आयएलआरच्या दुरुस्तीला, प्रसूतिगृहातल्या गरम पाण्याला, साप चावल्यावरचं इंजेक्शन संपायच्या आत पुन्हा मागवण्याला भूमिपूजन नाही की लोकार्पण नाही. पाच वर्षांनी मतं मागायला जाणाऱ्या सदस्याला दाखवण्यासारखं काहीतरी लागतं, आणि मी त्याला दोष देत नाही. गावकरीसुद्धा त्याला विचारतात, आमच्या गावात काय आणलंस? त्या प्रश्नाला "तुमच्या दवाखान्यात वर्षभर औषध संपू दिलं नाही" हे उत्तर आपण कधी मोठं मानलेलं नाही. पदांच्या वाटपातही हे दिसतं. अनेक जिल्ह्यांत शिक्षण व आरोग्य सभापती असतात, कुठे बांधकाम व आरोग्य. दोन खाती एका माणसाकडे, आणि त्याचा बहुतेक वेळ शिक्षक नाहीतर ठेकेदार खातात.

हा वाद आजचा नाही. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते, आणि त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला एक हजार रुपये मंजूर करायचा प्रस्ताव सभेपुढे आला. सभासद सरकारनियुक्त. व्हाइसरॉयच्या स्वागताला नाही कोण म्हणणार? एकटे जोतीराव नाही म्हणाले. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रस्ताव मंजूर झाला, विरोधात मत एक.

त्याच वर्षी त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल पत्र लिहिलं. त्या पत्रातला मुद्दा मला आजच्या अंदाजपत्रकी सभेतही तितकाच लागू वाटतो. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र खातं चालवते, त्यावर पैसे खर्च करते. आणि त्याच शहरात लोकांची तब्येत आणि संसार मोडणारी दुकानं वाढू देते. मग त्या दुकानांवर कर का बसवू नये? आरोग्याचा विचार आरोग्याच्या पानापुरता ठेवायचा नाही, हे जोतीरावांना बरोबर कळलं होतं. एका हाताने काय देतो आणि दुसऱ्या हाताने काय घालवतो हे एका कागदावर मांडून सभेला विचारायचं, ही त्यांची रीत. व्हाइसरॉयच्या कमानी काय आणि कोनशिला काय, सभागृहात बसलेल्या माणसाचे डोळे दिसणाऱ्या खर्चाकडे आपोआप वळतात. ते वळवायला कुणीतरी उभं राहावं लागतं, एकटं असलं तरी.

आणि उभं राहायला सभागृह तर हवं. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या 25 जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. ठराव मंजूर करणारे तेच, अंमलबजावणी करणारेही तेच. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायचा आदेश दिला, तोवर तीन वर्षं उलटली होती. यातले काही अधिकारी फार कष्टाळू होते, हे मी जवळून पाहिलंय. फायली लवकर हलल्या, काही केंद्रांची रंगरंगोटी झाली, हजेरी सुधारली. पण त्या सगळ्या काळात पत्रकारांचं बाक रिकामं राहिलं, कारण ऐकायला काही नव्हतं. अंदाजपत्रक एका दालनात तयार व्हायचं आणि प्रसिद्धिपत्रक येऊन पडायचं. लॉगबुकच्या झेरॉक्स घेऊन उभं राहायला कुणी नव्हतं. सिस्टरने पर्समधून टाकलेलं डिझेल कुठल्याच अहवालात येत नाही. ते सांगायला गावातल्या माणसालाच तिथे जावं लागतं.

पैशाचंही नुकसान झालं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला देशभरात 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली. इतकी मोठी रक्कम खास आरोग्यासाठी स्थानिक संस्थांच्या नावे सुचवली जाणं ही साधी गोष्ट नव्हती. इमारत नसलेल्या उपकेंद्रांना इमारत, केंद्रांमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्यांची सोय, तालुका पातळीवर सार्वजनिक आरोग्याचं युनिट अशा कामांसाठी ती होती. याशिवाय आयोगाचा नेहमीचा ग्रामीण निधी होता. आपल्याकडे त्यातला 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 टक्के पंचायत समित्यांना आणि 10 टक्के जिल्हा परिषदांना मिळायचा. निवडून आलेली संस्था असणं ही त्या निधीची अट होती. निवडणुकाच नसल्याने जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा अडकून पडला. लोकप्रतिनिधी नसल्याची किंमत रुपयांत मोजता येते, ती अशी.

दिल्लीत ठरलेल्या गोष्टी आमच्या सभेतल्या जेवणानंतरच्या त्या पानाशी जोडून बघायची सवय आपल्याला लागायला हवी. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की सरकारचा आरोग्यावरचा खर्च 2025 पर्यंत देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालायचे, आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग प्राथमिक आरोग्यसेवेला द्यायचा. प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे हेच आमचं केंद्र, हाच आयएलआर, हीच ॲम्ब्युलन्स. केरळने 1996 च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग स्थानिक संस्थांकडे दिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं ग्रामपंचायतींच्या ताब्यात दिली. तिथे पंचायतीच्या सभेत दवाखान्याचा प्रश्न टोलवायला दुसरं दार शिल्लक राहत नाही.

आपल्याकडेही हे जमत नाही असं मुळीच नाही. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000 च्या सुमारास संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गटार आणि उकिरडा हे गावच्या इभ्रतीचे विषय झाले होते. तपासणी समिती येणार म्हणून पहाटे झाडू घेऊन निघालेले सरपंच मी पाहिलेत. त्यानंतर 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी स्वतः केंद्रात जाऊन औषधं, पाणी, कर्मचाऱ्यांची वागणूक तपासायची, हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन प्रगतिपत्रक बनवायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. जनसुनवाईत प्रश्न जेवणानंतर येत नाही. तिथे बाळंतपणाला बाहेरून औषध आणायला लावलं म्हणून बाई स्वतः माइकवर उभी असते, आणि डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी, सभापती समोर बसून ऐकतात. वैद्यकीय अधिकारीही तिथे मोकळेपणाने बोलतात. साठा मागितला होता, आला नाही, ही मागणीची पोच. अशी पोच एकदा सगळ्यांसमोर टेबलावर आली की "पत्र दिले आहे" एवढ्यावर कुणाची सुटका होत नाही.

आता आमच्याकडे गटागटांतून इच्छुक भेटायला येतात. बातमी लावा म्हणतात, फोटो देतात. परवा एक तरुणी आली, शेजारच्या गटातून उभं राहायचं म्हणते, बी.एस्सी. झालेली. तिने फोटो दिला नाही. तिने विचारलं, निवडून आलेच तर आरोग्यावर पहिल्या सभेत काय विचारू? आम्ही तासभर बोललो. मी तिला सांगितलं, अंदाजपत्रकात आरोग्याच्या पानावर मूळ तरतुदीचा रकाना बघून थांबू नकोस. शेजारचा सुधारित अंदाज बघ आणि मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च बघ; या तीन आकड्यांत जिथे मोठी दरी दिसेल तिथे बोट ठेव. अखर्चित राहिलेली रक्कम कधी आली होती ती तारीख माग, कारण फेब्रुवारीच्या शेवटी हातात पडलेला पैसा मार्चपर्यंत खर्च झाला नाही हा केंद्राचा दोष नसतो. सभेला जायच्या आधी आपल्या गटातल्या प्रत्येक केंद्रात जाऊन तीन कागदांची प्रत घे: लाइट बिल, ॲम्ब्युलन्सचं लॉगबुक, औषध साठा नोंदवही. आणि अध्यक्षांना आधीच लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेत आरोग्य रस्त्यांच्या वर घ्यायची मागणी कर.

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, आणि निवडून नाही आले तर? तर ग्रामसभा आहेच, मी म्हटलं. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून तिला वर्षाला 10 हजार रुपयांपर्यंत मोकळा निधी मिळायची सोय आहे, आणि बँकेत तिचं खातं असतं. ते पासबुक ग्रामसभेत माग. तिने वहीत पासबुक हा शब्द लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, पासबुक आत्ता कुणाकडे असेल? अध्यक्षांकडे किंवा सचिवांकडे, मी सांगितलं. ती म्हणाली, मग ग्रामसभेपर्यंत कशाला थांबू, जाताना वाटेतच त्यांचं घर लागतं.